बदलाची सक्ती आणि परतीचे बटण

आमच्या विभागातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ प्राध्यापक आज ७८ वर्षांचे आहेत. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे काही वर्षे सहकारीही होते. जुन्या पोथ्यांमधले सलग, शब्दाशब्दांत अंतर न सोडलेले लेखन ते अजूनही सहज वाचतात. मोडीही त्यांना उत्तम येते. काही वर्षांपूर्वी परदेशी असलेल्या मुलीने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला, तेव्हा एखादी नवी लिपी शिकावी तशा शिस्तीने सरांनी तो शिकून घेतला. त्यासाठी एक शंभरपानी वही केली. डाव्या पानावर पडद्याचे चित्र, उजव्या पानावर कृती. पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते : 'तळाशी तीन खुणा. त्रिकोण : मागे येणे. वर्तुळ : मूळ जागी येणे. चौकोन : उघडे राहिलेले पाहणे.'

एके सकाळी त्या तीनही खुणा पडद्यावरून नाहीशा झाल्या होत्या. रात्रीतून अपडेट येऊन गेले होते. सरांनी बँकेचा संदेश उघडला आणि ते त्यातच अडकून पडले. बाहेर कसे यायचे ते कळेना. तेवढ्यात मुलीचा फोन येऊन गेला, पुन्हा आला, तोही गेला. संध्याकाळी ते वही आणि फोन घेऊन माझ्याकडे आले. 'अगं, मागं कसं यायचं तेच कळत नाही. हे आता आपल्याच्यानं व्हायचं नाही बघ,' असे म्हणाले. ज्या माणसाने आम्हाला प्राचीन मराठीतल्या दुर्बोध ओळींसमोर घाबरायचे नाही हे शिकवले, त्या माणसाच्या तोंडी हे वाक्य होते. दहा मिनिटांच्या शोधानंतर मला त्या तीन खुणा सापडल्या. त्या काढून टाकलेल्या नव्हत्या. सेटिंगच्या आत, त्याच्या आत, आणखी एका यादीच्या आत त्या लपवून ठेवल्या होत्या. बोट पडद्याच्या कडेवरून आत सरकवणे ही परतीची नवी रीत होती आणि ती सांगणारी कोणतीही खूण पडद्यावर नव्हती.

कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. प्रश्न एका कंपनीचा नाही. प्रश्न असा आहे की, सरांचे जे 'चुकले' ते नेमके काय होते? आणि त्याहून महत्त्वाचे, त्यांनी स्वतःलाच दोषी का मानले?

फोनचा पडदा आपण नुसता पाहत नाही, तो वाचतो. त्रिकोण म्हणजे मागे, हिरवे वर्तुळ म्हणजे उत्तर द्या, तीन आडव्या रेघा म्हणजे येथे आणखी काही दडले आहे. या चिन्हांचा त्यांच्या अर्थाशी कोणताही निसर्गदत्त संबंध नाही. सोस्यूर शिकवताना आपण वर्गात हेच सांगतो : चिन्ह यादृच्छिक असते, त्याला अर्थ लाभतो तो संकेतामुळे. परंतु त्याच सोस्यूरचे दुसरे सूत्र आपण येथे सोयीस्करपणे विसरतो. संकेत यादृच्छिक असला तरी तो बदलणे कोणा एका व्यक्तीच्या हाती नसते. भाषिक समाज ज्याला मान्यता देतो तोच बदल टिकतो. फोनच्या बाबतीत नेमके हेच उलटे झाले आहे. येथे एका इमारतीत बसलेला एक गट ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी कोट्यवधी माणसांची लिपी बदललेली असते. भाषेच्या इतिहासात असा अधिकार कोणत्याही राजाला, कोणत्याही व्याकरणकाराला मिळाला नव्हता.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर आपल्याच लिपीचा इतिहास पाहावा. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली. तिच्यामागे मुद्रणाच्या सोयीचा विचार होता, राष्ट्रीय आग्रह होता, त्यांच्या नावाचे वजनही होते. काही जणांनी ती वापरली. मराठी समाजाने समग्रपणे ती स्वीकारली नाही आणि विषय तेथेच संपला. शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, त्यांत १९७२ साली भर पडली. त्यांवरचा वाद अजूनही शमलेला नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही वळणे प्रमाण ठरवली. दोन अक्षरांच्या वळणांसाठी समिती बसते, शासननिर्णय निघतो आणि त्यानंतरही ज्याला जुने वळण गिरवायचे आहे त्याच्या हातातली लेखणी कोणी काढून घेत नाही. मोडी तर शाळांमधून कायमची गेली. आज पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल वाचू शकणारी माणसे शोधावी लागतात. साक्षरता हिरावली जाऊ शकते याचा याहून मोठा पुरावा आपल्याला नको. पण मोडी जायला कित्येक दशके लागली आणि ज्याला ती येत होती तो मरेपर्यंत मोडीतच आपला हिशेब लिहू शकला. रात्री झोपताना साक्षर असलेला माणूस सकाळी निरक्षर होऊन उठला, असे मोडीच्या बाबतीतही घडले नाही.

ते अलीकडे घडू लागले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतातल्या असंख्य अँड्रॉइड फोनधारकांना अचानक दिसले की, फोन लावण्याचा आणि घेण्याचा पडदाच बदललेला आहे. गूगलच्या फोन अॅपला 'मटेरियल थ्री एक्स्प्रेसिव्ह' या नव्या शैलीचा पेहराव चढवला गेला होता. आवडत्या व्यक्तींची यादी आणि अलीकडच्या कॉलची यादी एकत्र करण्यात आली, संपर्कांची यादी समोरून उचलून आतल्या कप्प्यात टाकण्यात आली. आलेला फोन घेण्यासाठी बोट खालून वर सरकवण्याची सवय होती, तेथे ते आडवे सरकवणे किंवा नुसते टेकवणे आले. अनेकांना आपण काही नवे बसवून घेतल्याचे आठवतही नव्हते. समाजमाध्यमांवर पहिली प्रतिक्रिया सौंदर्याविषयीची नव्हती, भीतीची होती : माझ्या फोनमध्ये कोणी शिरले तर नाही?

ही भीती हास्यास्पद मानणाऱ्यांनी काळ लक्षात घ्यावा. त्याआधी कित्येक महिने आपल्याकडे फोन लावला की सायबर फसवणुकीपासून सावध राहण्याची ध्वनिफीत ऐकावी लागत होती. अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, पडद्यावर काही वेगळे दिसले तर थांबा, असे बँका, पोलीस आणि वर्तमानपत्रे सांगत होती आणि आजही सांगतात. एका बाजूने नागरिकाला शिकवायचे की, ओळखीचे तेच विश्वासार्ह. आणि दुसऱ्या बाजूने ओळखीचा चेहराच रात्रीतून बदलून टाकायचा. ज्यांनी ही शिकवण मनापासून घेतली, तेच सर्वाधिक घाबरले. त्यांच्या घाबरण्यात अडाणीपणा कोठेच नव्हता. त्यांनी सांगितलेले ऐकले होते, इतकेच.

पुढच्याच महिन्यात, १५ सप्टेंबर २०२५ रोजी, ॲपलने आयओएस २६ प्रसृत केले. 'लिक्विड ग्लास' नावाची नवी शैली त्यात होती : बटणे, पट्ट्या, सूचना, सारे काचेसारखे पारदर्शक, मागचे चित्र पुढच्या अक्षरांतून डोकावणारे. काचेवर लिहिलेली अक्षरे मागच्या गर्दीत वाचता येत नाहीत, हे दुकानाच्या काचेवरची पाटी रंगवणाऱ्या पेंटरला ठाऊक असते. म्हणून तो अक्षरांना जाड कड काढतो. तक्रारींचा ओघ लागल्यावर नोव्हेंबरमध्ये आलेल्या २६.१ या आवृत्तीत पारदर्शकता कमी करून काच धूसर करण्याचा पर्याय देण्यात आला. ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांना हे नाट्य आधी पाहिल्याचे आठवेल. २०१३ च्या सप्टेंबरात आयओएस ७ आले, तेव्हा कातड्याची शिवण आणि लाकडी फळ्या यांचे जुने नेपथ्य काढून त्या जागी सपाट रंग, केसासारखी बारीक अक्षरे आणि कडा नसलेली बटणे आली. शब्द कोणता आणि बटण कोणते हे ओळखता येईना. पडदे झेपावत पुढे येण्याच्या हालचालींनी काहींना अक्षरशः मळमळू लागले. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या हालचाली आवरण्याची सोय वाढवावी लागली, मार्च २०१४ मध्ये बटणांना आकार देण्याचा पर्याय आणावा लागला. संगणकाच्या जगात मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ मधून 'स्टार्ट' बटण काढले आणि वर्षभराने ८.१ मध्ये ते परत ठेवले.

हा क्रम नीट पाहावा. आधी सक्ती, मग तक्रारी, मग सेटिंगच्या तळघरात गुपचूप ठेवलेली माघार. माघार घेतली याचाच अर्थ तक्रारी खऱ्या होत्या. असे असूनही प्रत्येक वेळी तक्रारदारांची संभावना एकाच वाक्याने केली जाते : 'सवय होईल.'

हे वाक्य निरागस वाटते, म्हणून ते उलगडून पाहू. सवय कशाचीही होते. चुकीच्या चपलेचीही होते. 'सवय होईल' म्हणणारा माणूस बदल चांगला आहे असे म्हणतच नसतो. वाईटपणा कालांतराने जाणवेनासा होईल, एवढेच आश्वासन तो देत असतो. शिवाय ही सवय लागेपर्यंतचा खर्च कोण भरतो? पंचविशीतल्या माणसाला दोन दिवस लागतील. ज्याचा हात थरथरतो, ज्याला मोतीबिंदू आहे, जिने मुलाकडून चार वेळा विचारून विचारून व्हिडिओ कॉल लावायला शिकून घेतले आणि पाचव्यांदा विचारायची जिला लाज वाटते, तिला दोन महिने लागतील. कदाचित ती फोन बाजूला ठेवून देईल. बदलाचा खर्च सर्वांना सारखा वाटला जात नाही. तो नेहमी त्यांच्याच माथी पडतो ज्यांनी ही साक्षरता सर्वाधिक कष्टाने कमावलेली असते.

आमच्या क्षेत्रातील मंडळी याहून उंची युक्तिवाद करतात. त्यातला पहिला असा की, नव्याला विरोध नेहमीच होतो; मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या तेव्हा लोक असेच बिथरले होते, खटलाही झाला होता; आज त्या आपण अभ्यासक्रमात लावतो. हा युक्तिवाद करणारे मर्ढेकरांचा अपमान करतात. 'काही कविता' ज्याला वाचायची त्याने विकत घेतली. ज्याने घेतली नाही, त्याच्या घरातल्या बालकवींच्या पुस्तकातील ओळी त्या रात्री आपोआप बदलून मर्ढेकरी झाल्या नाहीत. नवकवितेने जुनी कविता फळीवरून उचलून नेली नाही. ती तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि वाचकाला तिने आव्हान दिले. आव्हान नाकारण्याचा हक्क वाचकाकडे होता, म्हणूनच ते स्वीकारण्याला काही अर्थ होता. साहित्यातली बंडखोरी ही सत्तेविरुद्धची असते. येथे बदल लादणारी हीच सत्ता आहे आणि तिच्यासाठी बंडखोरीची भाषा उसनी द्यायला आपण निघालो आहोत.

दुसरा युक्तिवाद श्क्लोव्हस्कीच्या नावाने येतो. सवयीमुळे जग दिसेनासे होते, कला परिचिताला अपरिचित करून ते पुन्हा दाखवते. मग फोनचा पडदा अपरिचित झाला तर संवेदना ताजी होणारच की! अपरिचितीकरणाचा हा सिद्धांत १९१७ पासून कशाकशाला लावला गेला असेल, पण दूरध्वनी उचलण्याला लावलेला मी प्रथमच ऐकला. कलेत पाहण्याची क्रिया लांबवणे हे साध्य असते, कारण तेथे पाहणे हेच साध्य आहे. फोनमध्ये पाहणे हे साधन आहे. साध्य आहे ते पलीकडचा आवाज. विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईला रोज सकाळी विळीची धार वेगळ्या बाजूला सापडली तर तिची संवेदना ताजी होणार नाही, बोट कापले जाईल. हत्याराचे यश त्याचा विसर पडण्यात आहे आणि कवितेचे यश तिचा विसर न पडण्यात. हा भेद ज्याला दिसत नाही, त्याने दोन्हींवर लिहू नये.

तिसरा युक्तिवाद मात्र गंभीर आहे. अपडेट नाकारता येणार नाहीत, कारण त्यांतून सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जातात. जुने सॉफ्टवेअर चालू ठेवणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे. हे पूर्णपणे मान्य. पण या युक्तिवादात एक हातचलाखी दडलेली आहे. कुलूप बदलणे आणि घराचा दरवाजा दुसऱ्या भिंतीत हलवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकत्र बांधून दिली जातात, कारण कुलपाच्या भीतीने माणूस दरवाजाही स्वीकारतो. ही गाठ तांत्रिक अपरिहार्यतेने पडलेली नाही, याचा पुरावा ॲपलनेच दिला आहे. २०२१ मध्ये आयओएस १५ आले, तेव्हा आयओएस १४ वरच राहून केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची मुभा ग्राहकांना होती. काही महिन्यांतच, २०२२ च्या आरंभी, ती मुभा तात्पुरतीच होती असे सांगण्यात आले. म्हणजे गाठ सोडता येते हे सिद्ध झाले. ती सोडून ठेवायची इच्छा नव्हती. आणि एकदा नवी आवृत्ती घेतली की थोड्याच दिवसांत आयफोनवर जुनीकडे परतण्याची अधिकृत वाट बंद केली जाते. सरांच्या फोनवर परतीचे बटण निदान लपवलेले तरी होते. येथे ते उरतच नाही.

मग हे बदल होतात तरी का? प्रत्येक बदल निरर्थक असतो असे माझे म्हणणे नाही. आयओएस ७ च्या आधीचे कातडे आणि लाकूड कधीतरी जाणारच होते. पण जूनमध्ये घोषणा आणि सप्टेंबरमध्ये वितरण असे वार्षिक उत्सवाचे पंचांग एकदा ठरले की, दरवर्षी दाखवण्याजोगे काहीतरी लागते. बॅटरी अधिक टिकते, चुका कमी झाल्या, हे रंगमंचावर दाखवता येत नाही. चकाकणारी काच दाखवता येते. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ दरवर्षी बदलावे हे समजू शकते, परंतु मुखपृष्ठाबरोबर वर्णमालाही बदलणाऱ्या संपादकाला आपण काय म्हणू?

गंमत अशी की, हे सारे शहाणपण त्या कंपन्यांजवळच होते. ॲपलने १९८७ साली आपल्या संगणकांसाठी मांडणीची मार्गदर्शक तत्त्वे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. नियंत्रण वापरणाऱ्याच्या हाती असावे, त्याची चूक पोटात घालून त्याला मागे फिरता यावे, आणि पडद्यावरचे जग त्याला स्थिर भासावे, ही तत्त्वे त्यात स्पष्ट नोंदलेली आहेत. एकेकाळी ॲपलमध्येच काम केलेले डॉन नॉर्मन आणि ब्रूस टॉग्नाझिनी यांनी २०१५ साली जाहीर लेख लिहून आरोप केला की, दिसायला देखणे करण्याच्या नादात कंपनीने हीच तत्त्वे सोडून दिली आहेत. त्यांच्यावर नव्याला घाबरणारे म्हातारे असा शिक्का मारणे सोपे नाही. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

मागणी काय, असे कोणी विचारील. ती अगदी साधी आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि दर्शनी बदल वेगवेगळे द्या. दर्शनी बदल विचारून करा, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत विचारा, आणि 'नंतर' या उत्तराचा अर्थ 'आज रात्री' असा करू नका. जुनी मांडणी काही वर्षे तरी उपलब्ध ठेवा आणि तिच्याकडे जाणारी वाट पहिल्याच पडद्यावर दिसू द्या. फोन घेणे, फोन लावणे, मागे येणे या तीन कृतींना तर हातच लावू नका. त्या आता कोणाच्या मालकीच्या राहिलेल्या नाहीत. पायवाट माणसांच्या पायांनी पडते. जमीन तुमची असली तरी तिच्यावर रात्रीतून कुंपण घालता येत नाही.

आणि आपली, साहित्याच्या शिक्षकांची, जबाबदारी काय? आपण निदान भाषा उसनी देणे थांबवावे. 'प्रवाह', 'नवता', 'सहजता', 'अभिव्यक्ती' हे आपल्या व्यवहारातले कष्टाने कमावलेले शब्द आहेत. ते काचेच्या जाहिरातीवर चिकटवले जात असताना आपण आपल्या विद्यार्थ्यांना कौतुकाने पाहायला शिकवत असू, तर आपण काय शिकवतो आहोत याचा विचार व्हायला हवा. वाचकाला वाचता आले नाही तर दोष वाचकाचाच, ही समजूत आपण कवितेच्या बाबतीतही कधी मुकाट मान्य केली नाही. दुर्बोधतेची चर्चा आपल्याकडे दशकानुदशके चालली, ती वाचकाला बोलण्याचा हक्क आहे हे गृहीत धरूनच. फोन वापरणाऱ्याला तेवढाही हक्क नसेल, तर 'आपल्याच्यानं व्हायचं नाही' हे वाक्य घराघरांत ऐकू येत राहील आणि ऐकणाऱ्यांना ते म्हातारपणाचे लक्षण वाटत राहील.

सरांच्या फोनवर त्या तीन खुणा मी परत आणून दिल्या. त्यांनी वहीचे पहिले पान पुन्हा ताडून पाहिले, समाधानाने मान हलवली. त्या वहीत त्यांनी नंतरही बरेच काही लिहिले आहे. परवा त्यांनी ती मला दाखवली. पहिली चाळीस पाने शाईची आहेत. त्या दिवसानंतरचे सगळे लेखन पेन्सिलीने केलेले आहे.